मारादीची तीन कुलपांची पेटी: आफ्रिकेतली गावं स्वतःचं स्वतः कसं उभं करतात

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशांना द्यायची मदत थांबवली, मार्चमध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केलेत, आणि १ जुलै २०२५ पासून त्या संस्थेचं कामच बंद झालं. (यूएसएड म्हणजे अमेरिकन सरकारचं परदेशी मदत वाटणारं खातं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.) तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवरसुद्धा आफ्रिकेच्या बातम्या फिरतात आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, की आता तिथल्या खेड्यातल्या लोकांचं काय होणार, ते बिचारे मदतीवरच जगतात ना.

प्रश्न काळजीपोटी येतो हे मला कळतं. पण त्याच्या पोटात एक समजूत आहे, की आफ्रिकेतलं खेडं म्हणजे हात पसरून बसलेलं खेडं, आणि ही समजूत मला मनापासून खटकते, कारण मी गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि मला दिसलेलं चित्र बरंच वेगळं आहे. आफ्रिका म्हणजे ५४ देश, सगळ्यांबद्दल एकदम बोलणं म्हणजे काहीच न बोलण्यासारखं. म्हणून मी एकच भाग घेते, नायजर देशातला मारादी. का, तर जगभर पसरलेल्या दोन गोष्टी याच एका भागात सुरू झाल्या, एक पेटीतून आणि एक जमिनीखालून.

## आधी मारादी कुठं आहे ते बघू

नायजर आणि नायजेरिया हे दोन वेगळे देश आहेत, यात खूप जणांची गल्लत होते. नायजेरियाच्या डोक्यावर, उत्तरेला, नायजर. देशाचा वरचा बराचसा भाग सहारा वाळवंट, खाली एक कोरडवाहू पट्टा, त्याला साहेल म्हणतात, आणि त्या पट्ट्यात नायजेरियाच्या सीमेलगत मारादी. लोक बहुतेक हौसा भाषा बोलणारे, धर्मानं मुस्लिम, आणि शेतात काय, तर बाजरी. आपली भाकरीची बाजरी मूळची याच साहेल पट्ट्यातली, तिथून हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली. सोबत चवळी, भुईमूग. आणि मारादीची तांबडी शेळी, जिचं कातडं लांबवर नावाजलेलं आहे.

पाऊस एकदाच, साधारण जून ते सप्टेंबर. म्हणजे सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाला हे गणित समजावून सांगायची गरजच नाही, पीक हातात येतं ऑक्टोबरच्या आसपास, ते संपत संपत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं, आणि जून-जुलै-ऑगस्ट हे सगळ्यात वाईट महिने, कारण शेतात काम सगळ्यात जास्त आणि कणगीत दाणा सगळ्यात कमी. पीक निघालं की पुरुष कामाला बाहेर जातात, नायजेरियात किंवा आणखी लांब, आणि मागे घर बायका चालवतात.

इथं एक शब्द समजून घेऊ, उपजीविका. सरकारी कागदात हा शब्द फार येतो. त्याचा अर्थ नुसती नोकरी किंवा नुसती शेती असा नाही, घर चालायला जे जे लागतं त्या सगळ्याची मोट. थोडी बाजरी, दोन शेळ्या, बाईचं भुईमुगाचं तेल काढून विकणं, बाहेर गेलेल्या मुलानं पाठवलेले पैसे, अडीनडीला उसनं देणारी शेजारीण. यातलं एक तुटलं तर बाकीच्यांवर ताण येतो, आणि एकाला बळ मिळालं तर बाकीचीही सावरतात.

## लोकांनी चालवलेला विकास म्हणजे नक्की काय

मोठ्या संस्थांच्या भाषेत याला समुदाय-नेतृत्वाखालचा विकास म्हणतात, मी इथून पुढं साधं गावानं चालवलेलं काम म्हणेन. यात घोळ होतो तो सहभाग या शब्दामुळे. लग्नघरात तुम्हाला जेवायला बोलावलं तर तुमचा सहभाग झाला, पण किती माणसं, काय स्वयंपाक, खर्च किती, हे ठरवायला बसवलं तर तुम्ही घरचे झालात. बहुतेक योजनांत गावाला जेवायला बोलावतात, म्हणजे मीटिंग होते, सह्या होतात, फोटो होतात, पण काय करायचं हे आधीच कुठल्यातरी राजधानीत ठरलेलं असतं.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे प्लेपंप. दक्षिण आफ्रिकेतून निघालेली कल्पना, मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यानं बोअरचं पाणी वर टाकीत चढायचं. ऐकायला इतकी छान की २००६ मध्ये त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले आणि आफ्रिकेत हजारो पंप बसवायचं ठरलं. काही गावांत तर चालू असलेला साधा हापसा काढून तिथं हे चक्र बसवलं. मग कळलं की मुलं सारखी खेळत नाहीत, बाकीच्या वेळी बायकांनाच ते जड चक्र ढकलावं लागतं, आणि बिघडलं तर गावात कोणाला दुरुस्त करता येत नाही. २००९ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्रानं हिशोब मांडला की ठरवलेल्या सगळ्या लोकांना पुरेल इतकं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. पाणी भरणाऱ्या बाईला आधी विचारलं असतं तर तिनं पाच मिनिटांत सांगितलं असतं की आम्हाला हापसाच बरा, फक्त त्याचे वॉशर जवळ मिळतील असं बघा.

आणि नुसतं गावाचं नाव घेऊनही भागत नाही. टांझानियात १९६७ नंतर राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी उजामा नावाची कल्पना आणली, म्हणजे कुटुंबासारखं एकत्र राहणारं, एकत्र शेती करणारं गाव. हेतू चांगला होता असं मी मानते. पण १९७३ ते १९७६ मध्ये लाखो लोकांना सक्तीनं घरं सोडून सरकारनं आखलेल्या गावांत हलवलं, आणि शेती सुधारायच्या ऐवजी विस्कटली. नाव गावाचं होतं, पण ठरवणारा दुसराच होता.

## भिशी माहितीये? मग अर्धं समजलंच

आता पेटीकडे येते. माझ्या आईची भिशी होती, बारा बायका, दर महिन्याला ठराविक रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. तिचं शिलाई मशीन भिशीतून आलं. आफ्रिकेत ही गोष्ट सगळीकडे आहे आणि कोणी बाहेरून शिकवलेली नाही, हौसामध्ये अदाशी, केनियात चामा, घानात सुसू, इथिओपियात इकुब, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल.

भिशीची अडचण भिशी लावणाऱ्या प्रत्येकीला माहिती असते. पैसे गरजेच्या वेळी मिळतील याची खात्री नाही, पोरगं आज आजारी पडलं आणि नंबर आठ महिन्यांनी लागला तर काय उपयोग. रक्कम सगळ्यांना सारखीच, जिला जास्त जमतं तिलाही तेवढीच. आणि पैसा वाढत नाही, टाकले तेवढेच परत.

१९९१ मध्ये केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेनं मारादीत बायकांसोबत काम करताना या जुन्या पद्धतीत थोडी भर घातली. संस्थेतल्या मोइरा एक्नेस या नॉर्वेच्या बाईंचं नाव यात घेतलं जातं. कार्यक्रमाचं हौसा नाव माता मासू दुबारा, म्हणजे साधारण हिकमती बायका, डोकं चालवणाऱ्या बायका. (माता हा शब्द आपल्या मातेसारखा वाटतो पण हौसात त्याचा अर्थ बायका.) पुढं ही पद्धत सुधारत गेली आणि आज तिला गावबचत-कर्ज गट असं लांबलचक नाव आहे, आपण नुसतं पेटी म्हणू.

पेटी चालते कशी, तर १५ ते २५ जणी एकत्र येतात, एकमेकींना स्वतः निवडतात, दर आठवड्याला भेटतात. प्रत्येक जण भाग (म्हणजे शेअर, पेटीतला वाटा) विकत घेते, एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच. भागाची किंमत गटानं वर्षाच्या सुरुवातीला ठरवायची. जमलेल्या पैशातून ज्यांना हवं त्यांना कर्ज, साधारण स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत, तीन महिन्यांत फेडायचं, वर थोडं व्याज. आजारपण, मयत यासाठी वेगळा छोटा फंड, त्याला व्याज नाही. आणि नऊ-बारा महिन्यांनी सगळी पेटी रिकामी करायची, जिचे जितके भाग तितका तिचा हिस्सा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

रुपयात एक काल्पनिक हिशोब करून दाखवते म्हणजे डोक्यात बसेल. समजा २० जणी, भाग ५० रुपयांचा, प्रत्येक जण सरासरी आठवड्याला ३ भाग घेते. आठवड्याला ३,००० जमले, ५० आठवड्यांत दीड लाख, आणि एकूण भाग झाले ३,०००. वर्षभरात व्याज आणि उशिरा येणाऱ्यांचे दंड धरून पेटीत समजा १ लाख ८० हजार आहेत. म्हणजे ५० रुपयांचा भाग आता ६० चा झाला. जिनं जमेल तसे १०० भाग घेतले तिनं ५,००० टाकून ६,००० उचलले, जिनं २५० घेतले तिनं साडेबारा हजार टाकून १५,००० उचलले. गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या, दोघी एकाच गटात बसू शकतात, कोणाची कोणावर जबरदस्ती नाही.

कुलपांचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन चाव्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, पेटी चौथीच्या घरी. एकटीला ती उघडता येत नाही, उघडायची तर फक्त बैठकीत, सगळ्यांसमोर, पैसे मोठ्यानं मोजायचे. मारादीतल्या सुरुवातीच्या गटांत बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वही नव्हतीच, हिशोब तोंडपाठ. बैठक संपताना पेटीत किती उरले ते सगळ्यांनी लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधी म्हणून दाखवायचं. भाग मोजायला शिक्के मारायची छोटी पासबुकं नंतर आली. बँकेतल्या पासबुकावर आपण विश्वास ठेवतो कारण मागे एक मोठी इमारत आहे, इथं मागे वीस जणींची आठवण आहे.

## आपल्या बचत गटापेक्षा वेगळं काय

हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच, कारण आपल्याकडे गावोगावी बचत गट आहेत. गंमत म्हणजे वर्षंही जवळची, मारादीची पेटी १९९१ ची आणि नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला १९९२ ला. पण वाटा वेगळ्या झाल्या. आपला गट वर्षानुवर्षं पैसे साठवत राहतो आणि बँकेकडून मोठं कर्ज घेतो, त्यामुळे रक्कम मोठी मिळते पण वही, ऑडिट, बँकेच्या चकरा, आणि कधीकधी अध्यक्ष-सचिव सोडून कोणालाच हिशोब माहीत नसणं, हेही येतं. मारादीच्या पेटीत बाहेरचा एक पैसा येत नाही, म्हणून रक्कम छोटीच राहते, पण दरवर्षी पेटी रिकामी होते त्यामुळे चूक, घोळ, भांडण जे काही असेल ते वर्षाच्या आत उघडं पडतं. ज्या बाईला गट पटला नाही ती हिस्सा घेऊन बाहेर पडते. दोन्हीपैकी चांगलं कुठलं असं मला ठरवता येत नाही, जिथं बँकेची शाखा २० किलोमीटरवर आहे तिथं एक उत्तर आणि जिथं ती कुठंच नाही तिथं दुसरं.

## आणि जमिनीखालचं जंगल

दुसरी गोष्ट पेटीच्या आधीची आहे. टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ १९८१ मध्ये नायजरला आले आणि मारादीत झाडं लावायचं काम करू लागले. रोपं लावायची, जगायची नाहीत, वारा, वाळू, शेळ्या, दुष्काळ, बहुतेक सगळी मरायची. शेतकऱ्यांनाही त्यात रस नव्हता. १९८३ मध्ये ते रोपं भरलेली गाडी घेऊन चालले होते, वाळूत गाडी चालावी म्हणून टायरमधली हवा कमी करायला थांबले, आणि बाजूच्या एका खुरट्या झुडपाकडे त्यांचं लक्ष गेलं. पानं बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे झुडूप नाहीच, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेली पालवी आहे. आणि अशी खुरटी लाखो, सगळ्या शिवारभर. झाडं वरून तोडली गेली होती, मुळं खाली जिवंत होती. जंगल जमिनीखाली होतं.

मग पद्धत अगदी साधी. एका बुंध्याला वीस-पंचवीस फुटवे असतात, त्यातले चार-पाच जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या काढायच्या, जनावरं आणि आगीपासून सांभाळायचं. मुळं आधीच खोल असल्यामुळे पाणी घालावं लागत नाही आणि झाड भराभर वाढतं. छाटलेलं सरपण घरी येतं. आपल्याकडे आदर्श गाव योजनेत कुऱ्हाडबंदी असते, इथं कुऱ्हाड चालू ठेवून झाड वाढवलं, फक्त कुऱ्हाड कुठं आणि किती मारायची हे शेतकऱ्यानं ठरवलं.

त्यातलं एक झाड तर बाजरीसाठीच बनवल्यासारखं आहे, हौसात त्याला गाओ म्हणतात. बाभळीच्या नात्यातलं, पण वागणं उलटं, पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. म्हणजे बाजरी वाढत असताना सावली नाही, उलट गळलेल्या पानांचं खत, मुळांतून नत्र, आणि उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा.

सुरुवातीला जेमतेम दहा-बारा शेतकरी तयार झाले, लोक त्यांना हसले, शेतात झाडं म्हणजे आळशी माणसाचं शेत असं तेव्हा मानत. मग १९८४ चा भीषण दुष्काळ आला. बाहेरून धान्य आलं आणि ते कामाच्या बदल्यात वाटलं, काम काय, तर शेतातले फुटवे राखायचे. जवळपास शंभर गावांत सुमारे ५ लाख झाडं राखली गेली. आणि धान्य वाटप थांबल्यावर त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त तोडली गेली.

हे वाचताना मी खूप वेळ थांबले होते. कारण लोकांना दोष देणं सोपं आहे. पण विचार करा, झाड राखल्याचं धान्य बंद झालं, तर ते झाड कोणाचं? माझं असतं तर मी राखलं असतं. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून कायदा असा की झाडं सरकारची, स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तरी वनखात्याचा माणूस दंड लावणार. मग झाड वाढू देणं म्हणजे घरात सरकारचा पाहुणा ठेवण्यासारखं, त्यापेक्षा लहान असतानाच उपटून टाकलेलं बरं.

पण एक तृतीयांशाहून थोडी कमी झाडं उरली, आणि ज्यांनी राखली होती त्यांच्या शेतात सरपण होतं, चारा होता, वाळूच्या वाऱ्यात पीक टिकत होतं. शेजाऱ्यानं बघितलं. मारादीत वनखात्यानंही हळूहळू दंडाची सक्ती सैल केली, राखणारा तोच कापणारा आणि विकणारा, असं व्यवहारात मान्य झालं. पुढं काय झालं ते अनेक वर्षं बाहेर कोणाला नीट माहीतही नव्हतं, कारण मोठा प्रकल्प नव्हता, पाटी नव्हती. २००० नंतर अभ्यासकांनी जुने विमानातून काढलेले फोटो आणि उपग्रहाचे फोटो शेजारी ठेवून बघितले तेव्हा दिसलं की मारादी आणि शेजारच्या झिंदर भागात मिळून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली आहेत, अंदाजे २० कोटी झाडं. बहुतेक ठिकाणी कोणी लावली नाहीत, शेतकऱ्यानं शेतकऱ्याचं बघून राखली. २०१८ मध्ये रिनॉडो यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी शेजारच्या बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावादोगो यांनाही, ज्यांनी कडक जमिनीत छोटे खड्डे करून शेणखत टाकायची जुनी पद्धत सुधारून पडीक रान हिरवं केलं. शेतकऱ्यांनी राखलेल्या झाडांना नायजरमध्ये सरकारी हुकमानं रीतसर मान्यता मिळाली २०२० मध्ये. सुरुवात १९८३, कागद २०२०.

## "पण गरीबाकडे बचतीला पैसे येणार कुठून?"

हा पहिला आक्षेप असतो. गरीब माणसाकडे पैसे नसतात हे अर्धंच खरं, त्याच्याकडे पैसे थोडे आणि अनियमित असतात. बाजाराच्या दिवशी तेल विकलं तर हातात चार पैसे, ते घरात राहिले तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी मागतंच, नवरा, दीर, नातेवाईक, आणि नाही म्हणणं अवघड. पेटीत टाकले की "गटात आहेत" हे सांगता येतं. घरातल्या बाईला हे कारण किती उपयोगी पडतं हे कुठल्याही बचत गटातल्या ताईंना विचारा.

## "महिन्याला दहा टक्के व्याज? ही तर सावकारी झाली"

बऱ्याच गटांत महिन्याला पाच ते दहा टक्के व्याज असतं, आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही धक्का बसला. फरक असा की व्याज सावकाराच्या घरी जात नाही, त्याच पेटीत येतं आणि वर्षअखेरीस सगळ्यांत वाटलं जातं, कर्ज घेणारीलाही तिचा हिस्सा मिळतो. दर गटच ठरवतो, काही गट कमी ठेवतात. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी, जी फक्त कर्ज घेते आणि भाग कमी घेते तिच्याकडून पैसे जास्त भाग घेणारीकडे सरकतात. गटानं हे डोळे उघडे ठेवून ठरवायचं असतं, आणि मुस्लिम गावांत व्याजाचा धार्मिक प्रश्नही असतोच.

चोरीचा धोकाही खरा आहे. वर्षाच्या शेवटी पेटी सगळ्यात भरलेली असते आणि हे गावात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पैसे जास्तीत जास्त कर्जात फिरते ठेवतात, काही गट शेवटचे आठवडे मोबाइलवरच्या खात्यात किंवा बँकेत ठेवतात.

## "यानं गरिबी गेली का?"

नाही. उगाच मोठ्या गोष्टी सांगून मला कोणाचं मन जिंकायचं नाही. २०१७ मध्ये अर्थतज्ज्ञ डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी घाना, मलावी आणि युगांडा अशा तीन देशांत केलेला अभ्यास छापून आला. काही गावांत पेटी आधी सुरू केली, काहींत नाही, आणि दोन-अडीच वर्षांनी तुलना केली. बचत वाढली, छोट्या धंद्यांना थोडं बळ आलं, घरात बायकांच्या शब्दाला वजन थोडं वाढलं, पण घरातला एकूण खर्च, खाणंपिणं सरासरीनं वाढल्याचं दिसलं नाही. मालीमधल्या दुसऱ्या अभ्यासात उपाशी राहायची वेळ कमी झाली आणि जनावरं वाढली असं दिसलं, पण शाळा आणि आरोग्यात फरक नाही. म्हणजे पेटी ही शिडी कमी आणि गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर जास्त आहे, रस्त्यावरचे खड्डे तसेच राहतात पण प्रत्येक खड्ड्यात कंबर मोडत नाही. जुलै महिन्यात शेळी विकावी न लागणं ही जिला ती विकावी लागते तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही असं माझं मत.

झाडांचंही तसंच. नायजर आजही जगातल्या सगळ्यात गरीब देशांत आहे, लोकसंख्या झपाट्यानं वाढतेय, जुलै २०२३ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली. २० कोटी झाडांनी यातलं काही थांबवलं नाही. त्यांनी बाजरीचं पीक धरून ठेवलं.

## "गाव म्हणजे काय एकदिलाची माणसं असतात का?"

अजिबात नसतात, आणि खेड्यात वाढलेल्या कोणालाही हे सांगायला नको. तिथंही मुखिया आहे, जमीनवाले आहेत, बिनजमिनीचे आहेत, सुना आहेत, सासवा आहेत. गावाच्या हातात पैसे दिले की ते गावातल्या वजनदार माणसाच्या हातात जायची भीती असते.

यावर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशातला अभ्यास फार महत्त्वाचा आहे. यादवी युद्धानंतर तिथं गोबिफो नावाचा कार्यक्रम झाला, तिथल्या क्रिओ भाषेत त्याचा अर्थ पुढं चला. २३६ गावांपैकी निम्म्या गावांना चिठ्ठ्या टाकून निवडलं, प्रत्येकी सुमारे ५,००० डॉलर दिले आणि गावानंच ठरवायचं म्हणून समित्या केल्या, बायका आणि तरुणांना घ्यायची अट ठेवली. काही वर्षांनी बघितलं तर वस्तू टिकल्या होत्या, शाळा, संडास, धान्य वाळवायचे ओटे, बाजारही वाढला होता. पण गावाची निर्णय घ्यायची रीत बदलली नव्हती. प्रकल्पाच्या बाहेरचं काही ठरवायची वेळ आली, उदाहरणार्थ गावाला एक ताडपत्री भेट दिली आणि तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं, तेव्हा बायका आणि तरुण आधीसारखेच मागे. अटीनं खुर्चीवर बसवलं म्हणून बोलायची सवय लागत नाही. पेटीत ही सवय थोडी वेगळ्या रस्त्यानं येते असं मला वाटतं, कारण तिथं पैसा त्यांचाच असतो, आणि स्वतःच्या घामाच्या पैशाबद्दल गप्प बसणारी बाई मी अजून बघितलेली नाही.

## "मग सरकार आणि मदत हवीच कशाला?"

हा आक्षेप मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो कौतुकाच्या आवाजात येतो. बघा, किती छान स्वावलंबी आहेत, मग आपण हात झटकायला मोकळे. पेटीतून एचआयव्हीची औषधं येत नाहीत. लसीची साखळी, बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी रस्ता आणि डॉक्टर, दुष्काळात धान्य, यातलं काहीही वीस बायकांच्या बचतीतून होणार नाही, आणि २०२५ मध्ये मदत एकदम तुटली तेव्हा सगळ्यात आधी दुखलं ते इथंच. आणि झाडांच्या गोष्टीत पुन्हा बघा, शेतकऱ्यांनी सगळं केलं, पण झाड कोणाचं हा कायदा सरकारलाच सैल करावा लागला.

बाहेरच्या माणसाचं काम काय असावं, याचं उत्तर पेटीच्या पद्धतीतच आहे. शिकवणारी बाई साधारण वर्षभर येते. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा, मग शेवटच्या वाटपाला. ती पैशाला हात लावत नाही, चावी तिच्याकडे कधीच नसते. पुढचे गट गावातलीच एखादी जुनी सदस्य उभे करते आणि तिची फी नवा गट देतो, कुठल्या संस्थेच्या निधीतून येत नाही, त्यामुळे संस्था गेली तरी ती जात नाही. असं करत करत आज आफ्रिकेत आणि बाहेर मिळून एक कोटीपेक्षा जास्त लोक अशा पेट्यांत आहेत.

वाटपाच्या दिवशी तिन्ही चाव्या येतात, पैसे मोजले जातात, भागाची किंमत किती झाली ते मोठ्यानं सांगतात, एकेकीचं नाव घेऊन तिच्या हातात रक्कम दिली जाते. कोणी शेळी घेते, कोणी बियाणं, कोणी मुलीच्या लग्नाची भांडी. मग रिकामी पेटी मधोमध ठेवून पुढच्या वर्षी भाग कितीचा ठेवायचा यावर चर्चा सुरू होते, आणि ती लवकर संपत नाही.